फळीवरचं झाड

फळीला बोट लावलं तर बोट चिकटलं.

सकाळचे नऊ वाजले होते, पाहुणे चार वाजता यायचे होते, आणि सुताराने आदल्या दिवशी आपल्या मनाने फळीला व्हार्निशचा हात मारून ठेवला होता. नाताळचे दिवस आहेत, जरा चकचकीत दिसू दे, असं तो सेलिनला म्हणाला होता. सेलिन ती फळी दोन्ही तळव्यांवर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला सांगितलं की यावर खायचं काही ठेवता येणार नाही, सगळ्याला टर्पेंटाइनचा वास लागेल.

"घासून निघेल ना, बाय?" ती म्हणाली.

निघणार नव्हतं. तरी मी विहिरीवर बसून अर्धा तास ती फळी मिठाने आणि लिंबाच्या सालींनी घासली. व्हार्निश निघालं नाही, त्याचे फक्त धुरकट चट्टे झाले. माझ्या बोटांना आधीच चिरा पडलेल्या होत्या, त्यांत लिंबू गेलं. फळी उन्हात उभी करून मी आत आले तेव्हा सेलिन टेबलाशी बसून कागदावर नाताळच्या झाडाचं चित्र काढत होती.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. आम्ही वसईजवळ भुईगावला राहायचो. घरात आमची कादोडी बोली बोलायचो, पण इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पप्पांना दमा होता, दिवसातून तीनदा औषध द्यावं लागायचं आणि थंडीत रात्री छाती शेकावी लागायची. मी एकतीस वर्षांची होते आणि घर बघत होते. मला बाय म्हणणारी माझी धाकटी बहीण सेलिन पंचवीसची, गावच्या शाळेत दुपारच्या वर्गांना शिकवायची. त्या रविवारी, म्हणजे नाताळ होऊन दोन दिवस झाल्यावर, नंदाखालहून तिला बघायला माणसं येणार होती.

बघायला म्हणजे नावापुरतंच. एड्विन बहारीनला नोकरीला होता. मे महिन्यात आमच्या चुलतभावाच्या लग्नात त्याची आणि सेलिनची ओळख झाली होती, आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी घरी एक निळं पाकीट यायचं. पोस्टमन ते माझ्या हातात द्यायचा, मी ते सेलिनच्या उशीखाली ठेवायची. सगळं जुळल्यासारखंच होतं, फक्त त्याच्या आईने, मार्थाबाईंनी, घर आणि माणसं बघून हो म्हणायचं राहिलं होतं. त्यांच्याबरोबर त्यांचे भाऊ बस्त्याव मामा येणार होते. मार्थाबाई विधवा होत्या आणि भावाला विचारल्याशिवाय त्या पाऊल टाकत नाहीत, असं सगळे म्हणायचे. मामा मुंबईत कुठल्याशा मोठ्या हॉटेलात आहेत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

फळीची कल्पना सेलिनची. मागच्या नाताळात ती बांद्र्याला एका मैत्रिणीकडे गेली होती. तिथे एका मोठ्या लाकडी फळीवर मांसाचे पातळ काप, दोन-तीन तऱ्हेची चीज, द्राक्षं, सुका मेवा असं सगळं एकत्र मांडलं होतं आणि लोक भोवती उभे राहून उचलून खात होते. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं होतं. मोठ्या हॉटेलातल्या माणसाला आणि बहारीनला राहिलेल्या मुलाला काय करंज्या आणि केकच देणार का, असं तिचं म्हणणं होतं. त्यातून तिला ते नाताळच्या झाडाच्या आकारात हवं होतं. खाली खोड, वर फांद्या, टोकाला चांदणी.

मांसाचं काम माझ्याकडे आलं, कारण ते आमच्या घरात मलाच येत होतं. म्हशीची जीभ खारवायची आईची पद्धत होती. जीभ धुऊन काट्याने सगळीकडून टोचायची, मीठ, रंग लाल राखणारा थोडा सोरा आणि लिंबाचा रस चोळून बरणीत घालायची, वर दगडाचं वजन ठेवायचं, आणि रोज सकाळी ती उलटून पुन्हा चोळायची. मग उकडायची, साल काढायची, वजनाखाली दाबून गार करायची. कापली की आतून गुलाबासारखी लाल निघते. मी त्या वर्षी दोन जिभा घातल्या होत्या. रोज पहाटे चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर आधी बरणी, मग चहा. हाताच्या चिरा त्याच्याच होत्या.

दहाला पावलीन आत्या आल्या. पप्पांची ही मोठी बहीण गल्लीच्या टोकालाच राहायची आणि आई गेल्यापासून आमच्या घरातले निर्णय घ्यायची. त्यांनी फळी बघितली, वास घेतला आणि केळीचं पान घाला म्हणाल्या. सेलिनला ते चालेना. लाकूड दिसलं पाहिजे, नाहीतर फळीचा काय उपयोग, पानावर तर आपण लग्नात जेवतोच. पाऊण तास त्या दोघींचं त्यावर चाललं. शेवटी मी वाडीतून पान कापून आणलं, विस्तवावर शेकून मऊ केलं आणि फळीवर ताणून बसवलं. सेलिनने तोंड पाडलं ते तसंच ठेवलं.

मग चीज. बांद्र्याच्या त्या मैत्रिणीने यंदा तिला परदेशी चीजचा एक तुकडा दिला होता, भोकं असलेला. शुक्रवारपासून आमच्याकडे वीज येत-जात होती आणि फ्रीजमध्ये त्याला घाम फुटला होता. मी सुरी लावली तर काप निघेना, सुरीलाच चिकटून यायला लागलं. सेलिन म्हणाली, तू जाड कापतेस. मी सुरी तिच्या हातात दिली. तिने दोन काप केले, दोन्ही मोडले, आणि सुरी परत माझ्यापुढे ठेवली. मग मी ती गरम पाण्यात बुडवत, पुसत, एकेक काप काढला. तोवर तिने सुकेळी कापून ठेवली होती, आमची वसईची उन्हात वाळवलेली केळी. ताट तिने खिडकीत ठेवलं होतं. मी वळून बघितलं तर त्याला मुंग्या लागल्या होत्या.

बारा वाजता झाड उभं राहायला लागलं. हिरव्या द्राक्षांच्या फांद्या, मधूनमधून काळी द्राक्षं, काजू, चीज. करमळ आडवं कापलं की चांदणी निघते, ती टोकाला. जिभेचे काप एकावर एक सरकवून मी खोड केलं. सेलिन लांब उभी राहून बघायची आणि सांगायची. डावी फांदी खाली गेलीय. चीज एकाच बाजूला जास्त झालंय. लाल रंग वर पण हवा. मी कापांच्या घड्या घालून वर फुलं केली. मग खोड बारीक दिसायला लागलं. मी जेवायला वाढायला गेले तेवढ्यात आत्यांनी मोकळी जागा दिसली म्हणून दोन्ही कडेला करंज्या रचून ठेवल्या. सेलिन रडायच्या बेतात आली. मी करंज्या उचलल्या, त्यांची साखर पानभर सांडली होती, ती ओल्या फडक्याने टिपली. एवढ्यात पप्पा आले, उभ्या उभ्या खोडातले तीन काप उचलले आणि तोंडात टाकले.

"आईसारखी झालीय," ते म्हणाले.

एरवी मला बरं वाटलं असतं. त्या वेळी मला फक्त खोडाला पडलेलं भोक दिसलं.

जेवणं झाल्यावर पप्पा आणि आत्या ओसरीत बसले होते. मी आत भांडी घासत होते. आत्या विचारत होत्या की सेलिन बहारीनला गेली तर तुझं कसं होणार. पप्पा म्हणाले, "रेजी आहे ना. मला कसली काळजी?" रेजी म्हणजे मी. ते अगदी सहज म्हणाले, समाधानाने. मी भांडं विसळलं, पालथं घातलं आणि दुसरं घेतलं.

थोड्या वेळाने आत्या आत आल्या आणि हळू आवाजात सांगून गेल्या, की फळी सेलिनने केली असंच सांगायचं. त्यांना बघायचंय सेलिनला. स्वयंपाक मोठी करते आणि धाकटीला काही येत नाही, असं नको दिसायला. तूही तसंच सांग हां, त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मला राग आला का, तर मला तो तेव्हा रागासारखा वाटलाच नाही. सकाळपासून जे चाललं होतं त्यातलंच ते आणखी एक होतं, पान, चीज, मुंग्या यांच्यासारखंच.

साडेतीनला सेलिन निळी साडी नेसून आली. सुंदर दिसत होती. मी तेव्हा फळीपुढे वाकून तिसऱ्यांदा खोड रचत होते, पाठ दुखत होती, आणि परकराला लिंबाचा, मांसाचा, भांड्यांचा असा सगळ्याचा वास येत होता. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, डावीकडे अजून जरा. मग म्हणाली, "बाय, कुणी विचारलं तर... जीभ मिठात किती दिवस ठेवली होती?"

"दोन दिवस," मी म्हणाले.

अकरा दिवस ठेवली होती. माझ्या तोंडून दोन आलं. तिने दोनदा पुटपुटून पाठ केलं आणि केसात गजरा माळायला आरशापुढे गेली. बोलावून सांगायला मला अर्धा तास होता. मी खोड पुरं केलं.

पाहुणे वेळेवर आले. एड्विन पांढऱ्या सदऱ्यात, उंच, थोडा लाजरा. मार्थाबाई बारीक, शांत, बोलण्याआधी समोरच्याकडे नीट बघणाऱ्या. बस्त्याव मामा साठीला आलेले, टक्कल पडलेलं, हात मोठे आणि फार स्वच्छ. आधी वाईन झाली, केक झाला, फादरांच्या नाताळच्या प्रवचनाबद्दल बोलणं झालं. मग सेलिन आणि मी दोन बाजूंनी फळी उचलून बाहेर आणली आणि टेबलावर ठेवली.

झाड खरोखर चांगलं दिसत होतं. हे आजही मी म्हणते, त्यानंतर कितीतरी फळ्या मांडल्या तरी. मार्थाबाई पुढे सरकून बसल्या. एड्विन हसला, सेलिनकडे बघितलं आणि म्हणाला, हे मोडायचं कसं? आत्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं की सकाळपासून एकटी सेलिन राबतेय. सेलिनने खाली बघितलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर.

मामांनी मात्र घाईने काही उचललं नाही. त्यांनी खोडातला एक काप काट्यावर घेतला, उजेडाकडे धरला, वास घेतला, मग खाल्ला. मग दुसरा. एड्विन कौतुकाने सांगायला लागला, की मामांचं हॉटेलात हेच काम, तीस वर्षं ते कोल्ड किचनचे मुख्य आहेत, मांस खारवणं, त्याला धुरी देणं, चीज, सगळं त्यांच्या हाताखाली. इतकी वर्षं मुंबईत असून त्यांना बाहेरचं खारवलेलं आवडलेलं त्याने कधी बघितलं नाही.

माझ्या हातात बशा होत्या. मी त्या खाली ठेवल्या नाहीत.

"मुली," मामा सेलिनला म्हणाले, "मिठात किती दिवस ठेवलीस?"

सेलिनने मान वर केली आणि न अडखळता सांगितलं, "दोन दिवस."

मामा हसले. त्यांना वाटलं ती थट्टा करतेय. तिचं तोंड बघून त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी एक काप उलटा करून सगळ्यांना दिसेल असा धरला. ते मास्तरासारखे बोलले नाहीत, वाईट वाटल्यासारखे बोलले. दोन दिवसांत मीठ आतपर्यंत पोचत नाही, ते म्हणाले, मध्ये करडा डाग राहतो. ही मधोमध लाल आहे. हिला कुणीतरी दहा-बारा दिवस तरी रोज उलटून चोळलंय.

आत्या मध्ये पडल्या. पोरीला दिवसांचा हिशोब राहत नाही, घाबरलीय बिचारी. मार्थाबाईंनी आत्यांकडे बघितलंही नाही. सेलिन माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत अजून आरोप नव्हता, तेच मला आजही आठवतं. तिला वाटत होतं की काहीतरी गोंधळ झालाय आणि बाय आता तो निस्तरेल. लहानपणापासून तिने माझ्याकडे तसंच बघितलं होतं, बुटाच्या नाडीला गाठ पडली तरी आणि आई वारली तेव्हाही.

"अकरा दिवस," मी म्हणाले. "मी केली. तिला दोन दिवस मीच सांगितले."

मार्थाबाई माझ्याकडे वळल्या.

"चुकून?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ते हळुवारपणे विचारलं. मला वाटतं त्या मला दार उघडून देत होत्या. हो म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं, की बहिणीने बहिणीची फळी करून दिली आणि सांगताना आकडा चुकला. सगळे हसले असते. मामांनी माझ्या हाताचं कौतुक केलं असतं, सेलिनने मला चिमटा काढला असता, आणि चहा झाला असता.

"नाही," मी म्हणाले.

एड्विनने हातातलं द्राक्ष फळीवर परत ठेवलं, पण पहिल्या जागी नाही, भलतीकडेच. मग मार्थाबाईंनी पप्पांना त्यांच्या दम्याबद्दल विचारलं, पप्पांनी उत्तर दिलं, आणि बोलणं कसंबसं पुढे सरकत राहिलं. चहा झाला. निघताना मार्थाबाईंनी सगळ्यांचा नीट निरोप घेतला, कळवतो म्हणाल्या. एड्विन दारात जरा थांबला, त्याला सेलिनला काहीतरी म्हणायचं होतं, पण आईने पायरीवरून मागे बघितलं आणि तो उतरला.

आत्या मला काय काय म्हणाल्या ते मी सांगत नाही. त्यातलं बरंचसं खरं होतं. पप्पांनी छातीवर हात ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. सेलिन गजरा न काढता फळीपाशी गेली आणि झाड सोडवायला लागली. द्राक्षं वाडग्यात, काजू बरणीत, चीज फडक्यात. जिभेचे काप तिने एकावर एक लावून डब्यात भरले, झाकण घट्ट बसवलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. मी मदतीला पुढे झाले तेव्हा तिने फळी आपल्याकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर कपडे धूत होते. ती येऊन कट्ट्यावर बसली. रात्रभर झोपली नव्हती.

"मी जाऊ नये असं तुला वाटत होतं का?" तिने विचारलं.

मी नाही म्हणाले.

"एड्विन आवडला नव्हता?"

"चांगला आहे तो."

"मग मला सांग ना, बाय. मला कळू तर दे."

मी पिळलेला सदरा पुन्हा पाण्यात बुडवला. असं काही बोलायची मला सवय नव्हती. घरात दूध किती घ्यायचं, औषध संपलंय, वाडीत मजूर सांगायचेत, एवढंच मी बोलायची. नर्सिंगच्या कोर्ससाठी मला नाशिकला जागा मिळाली होती ते आईच्या आजारपणात मागे पडलं, तेव्हाही मी कुणाला काही म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"मला जायचं होतं," मी म्हणाले. "बहारीनला नाही. लग्न करूनच असं नाही. कुठेही. तू साडी नेसून आलीस आणि मला म्हणालीस डावीकडे अजून जरा, आणि मला वाटलं, ही जाणार आणि मी इथे डावीकडे अजून जरा करत राहणार."

ती ऐकत होती. तिला माझी कीव आली असती तर मला ते सहन झालं नसतं. पण तसं काही दिसलं नाही. ती म्हणाली, "हे तू मला आधी सांगितलं असतंस तर." एवढंच म्हणाली, वाक्य पुरं केलं नाही, आणि उठून गेली.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, बस्त्याव मामा एकटे आले. पप्पांनी त्यांना ओसरीत बसवलं. नकार सांगायला आले होते. मुलीत काही उणं नाही, ते म्हणाले, पण मार्थाला वाटतं की घरात न बोललेलं काहीतरी दुखणं आहे, आणि तिने आयुष्यात पुष्कळ बघितलंय, तिला आता मुलाच्या संसारात ते नको. एड्विनने दोन दिवस वाद घातला, मग तो गप्प झाला. पप्पा मान हलवत राहिले. सेलिन दाराआड उभी होती, मी तिच्या मागे. तिच्या पाठीचा कणा ताठ झालेला मला दिसला, आणि तो तसाच राहिला.

मग मामांनी माझं नाव घेऊन मला बाहेर बोलावलं. ते जरा अवघडलेले होते. म्हणाले की हे आज बोलू नये हे त्यांना कळतं, पण पुन्हा इकडे येणं होणार नाही. कोल्ड किचनमध्ये एक जागा आहे. आजवर तिथे बाई घेतलेली नाही, पण घेऊ नये असा काही नियम नाही. शिकून आलेल्या पोरांना अकरा दिवस रोज एक गोष्ट करायचा धीर नसतो. तू आलीस तर मी शिकवीन.

पप्पा खुर्चीत पुढे आले. मी त्यांना बोलू दिलं नाही. मी सरळ नाही म्हणाले. बहिणीचं लग्न मोडून त्यातूनच आपलं भलं करून घेणं माझ्याच्याने होणार नव्हतं. ते मी शब्दांत म्हटलं नाही, पण मामांना कळलं असावं. ते उठायला लागले.

सेलिन दाराआडून बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते.

"नाही कशाला म्हणतेस?" ती मला म्हणाली. "तू नाही म्हणालीस म्हणून माझं परत येणार आहे का?"

"सेलिन, पप्पांचं कोण बघणार?"

"माझी शाळा दुपारची आहे." मग ती मामांकडे वळली. "कधीपासून यायचं तिने?"

मामांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते, जणू आम्ही त्यांना पहिल्यांदाच दिसत होतो. शेवटी ते म्हणाले की थंडी कमी होऊ दे, मग जाऊ दे तिला. ते असं काही म्हणतील हे मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी निघाले. पावणेसातची एसटी होती. सेलिन थांब्यापर्यंत माझ्याबरोबर आली, माझा डबा तिच्या हातात. महिनाभर आम्ही कामापुरतंच बोललो होतो. उजाडत होतं, केळीच्या वाड्यांवर धुकं होतं, कुणाकडे तरी पाण्याचा पंप चालू झाला होता. एसटीचे दिवे वळणावर दिसले तेव्हा तिने डबा माझ्या हातात दिला आणि विचारलं, की पप्पांची सकाळची लाल गोळी चहाआधी की नंतर.

"आधी," मी म्हणाले. "आणि पाणी कोमट दे."

"खरं सांगतेस ना?"

ती थट्टा नव्हती. ती माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती, आणि एसटी थांबली होती, आणि कंडक्टर चला चला म्हणत होता.

"खरं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. एसटी सुटायच्या आधीच ती वळली होती आणि भरभर घराकडे चालत होती, पदर खांद्यावरून ओढून घेत, कारण पप्पा उठायची वेळ झाली होती.